असेंब्लीतून सीमध्ये परतल्यावर आकडे बिघडतात: आर१, आर१६ आणि पोर्टचा पत्ता

लक्षण असं दिसतं. सी प्रोग्रॅम असेंब्लीतलं, म्हणजे थेट चिपच्या आज्ञांमध्ये लिहिलेलं, रूटीन (छोटा उपप्रोग्रॅम) बोलावतो. रूटीनचं उत्तर तपासलं तर बरोबर असतं. पण त्यानंतरच्या दोन-चार ओळींत, जिथं असेंब्लीचा काही संबंध नाही, तिथं गडबड होते. शून्य ठेवलेल्या व्हेरिएबलमध्ये चार निघतात. साधी बेरीज भलतीच फुगते. चार फेऱ्यांचा लूप संपतच नाही. शोधायला म्हणून मध्ये एक ओळ घातली की दोष गायब, ती काढली की पुन्हा हजर.

दीड वर्षात आम्हाला हा दोष चार वेळा भेटला आणि चारही वेळा कारण वेगळं होतं. म्हणून सगळं एका जागी लिहितोय. हे ८ बिटच्या एव्हीआर चिपसाठी आणि जीसीसी कंपायलरसाठी आहे. आमच्याकडे अ‍ॅटमेगा ३२८पी आहे, म्हणजे अर्डुइनो उनो बोर्डाच्या तिसऱ्या आवृत्तीवर असते तीच, १६ मेगाहर्ट्झवर. आज्ञांची नावं आम्ही बोलताना उच्चारतो तशीच दिली आहेत.

गरम झालं की चुकणारं मीटर

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही गुऱ्हाळांसाठी तापमानाचं मीटर बनवतो. काहिलीतला पाक ११८ अंशांच्या आसपास आला की काहील उतरवायची वेळ झालेली असते. जाणता गुळव्या थंड पाण्यात पाक टाकून बोटांनी गोळी वळतो आणि तिच्यावरून ओळखतो. मीटर त्याच्या जागी नाही. गोळी कधी बघायला घ्यायची हे चुलाणापाशी बसलेल्या पोरांना लांबून कळावं, एवढंच त्याचं काम.

आत के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आणि ते वाचणारी मॅक्स६६७५ चिप आहे. ती १२ बिटचा आकडा देते, एक एकक म्हणजे पाव अंश. आम्ही आठ रीडिंगची बेरीज घेतो आणि तिला हेक्स (१६ च्या पायातल्या) ५००० नं, म्हणजे २०४८० नं गुणतो. ३२ बिटच्या गुणाकारातले वरचे १६ बिट घेतले की अंशाच्या दहाव्या भागात तापमान मिळतं. ११८ अंशाला एक रीडिंग ४७२, आठांची बेरीज ३७७६, आणि गुणून वरचा भाग बरोबर ११८०. हा १६ बाय १६ चा गुणाकार आम्ही असेंब्लीत लिहिला होता. त्यानंतर सीमध्ये त्यात प्रोबचा ऑफसेट, म्हणजे ठराविक दुरुस्ती, मिळवायचा. तो एका बाइटचा, आमच्या त्या प्रोबला ५, म्हणजे अर्धा अंश.

टेबलावर मीटर २६ अंश दाखवायचं, थर्मामीटरशी जुळायचं. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालक काकांचा फोन आला. "अहो, दोनशे वीस दावतंय तुमचं मीटर. एवढ्या तावात गूळ ऱ्हातोय व्हय?"

आम्ही गेलो आणि वायरींच्या मागे लागलो. शेजारी चरकाची मोटर, धूर, वाफ, लांब केबल. संशय घ्यायला सगळं तयार होतं. शील्डची केबल घातली, सप्लायवर कपॅसिटर वाढवले, थर्मोकपल बदललं. दोन खेपा झाल्या आणि आकडा २२०.९ च राहिला. तो प्रत्येक वेळी तोच येतोय, इकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. गोंगाटानं बिघडलेला आकडा नाचतो. हा जागेवर ठाम होता.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये पोरानं प्रोब सहज मुठीत धरला. मीटर ३२.४ पर्यंत नीट चढलं आणि त्याच्या पुढं जाताच एकदम २५.६ नं उडालं. उकळत्या पाण्यात प्रोब धरला तर १००.५ ऐवजी १७७.३. म्हणजे अंशाच्या दहाव्या भागात मोजले तर फरक ठराविक होते: २५६, ७६८ आणि काहिलीवर १०२४. तिन्ही २५६ च्या पटीत. हे बघितल्यावर वायरींचा विषय संपला. १६ बिटच्या आकड्यातल्या वरच्या बाइटमध्ये कुणीतरी एक, तीन, चार मिळवत होतं.

ते कोण मिळवत होतं

एव्हीआरमध्ये ३२ रजिस्टर, म्हणजे चिपच्या आतल्या एकेका बाइटच्या जागा, आहेत, आर० ते आर३१. जीसीसी त्यातल्या आर१ मध्ये कायम शून्य आहे असं धरून चालतो. आहे का हे तो तपासत नाही. व्हेरिएबलमध्ये शून्य ठेवायचं असलं तर तो आर१ तिथं लिहून टाकतो. १६ बिटच्या आकड्यात एक बाइट मिळवायचा असेल तर खालचे बाइट मिळवतो आणि वरच्या बाइटमध्ये हातचा घेण्यासाठी आर१ मिळवतो. आर१ शून्य असेल तर फक्त हातचा मिळतो. आर१ मध्ये चार असतील तर वरच्या बाइटमध्ये चार मिळतात, म्हणजे १०२४. तेच आमचे १०२.४ अंश.

आणि गुणाकाराची मूल ही आज्ञा उत्तर ठेवते ते आर१ आणि आर० मध्येच. खालचा बाइट आर० मध्ये, वरचा आर१ मध्ये. चिपची रचनाच तशी आहे, तिथं पर्याय नाही. सीमधल्या गुणाकारानंतर कंपायलर स्वतः आर१ पुसतो. असेंब्लीत ते आपल्याला करावं लागतं, आणि आम्ही ते केलेलं नव्हतं.

मग ऑफसेट मिळवण्याआधीच्या ३२ अंशांच्या खाली का चुकत नव्हतं? आमच्या रूटीनमधला शेवटचा गुणाकार दोन्ही आकड्यांच्या वरच्या बाइटांचा होता. गुणकाचा वरचा बाइट हेक्स ५०, म्हणजे ८०. ३२ अंशांच्या खाली बेरीज १०२४ पेक्षा कमी, म्हणजे तिचा वरचा बाइट जास्तीत जास्त ३. तीन गुणिले ८० म्हणजे २४०, एका बाइटात मावलं, आर१ शून्यच राहिला. ३२ अंशांला वरचा बाइट ४ झाला, गुणाकार ३२०, आणि आर१ मध्ये १ आला. उकळत्या पाण्याला १२ गुणिले ८० म्हणजे ९६०, आर१ मध्ये ३. काहिलीवर १४ गुणिले ८० म्हणजे ११२०, आर१ मध्ये ४. मीटर आम्ही जानेवारीत टेबलावर तपासलं होतं. हेच मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली तपासलं असतं तर तिथल्या तिथं सापडलं असतं.

दुरुस्ती एका ओळीची. रूटीनचा शेवट तेव्हा असा झाला:

मूल आर२५, आर२३
अ‍ॅड आर१८, आर०
एडीसी आर१९, आर१
सीएलआर आर१
मूव्हडब्ल्यू आर२४, आर१८
रेट

सीएलआर रजिस्टर शून्य करते आणि रेट रूटीनमधून परत नेते. सीएलआर हातच्याच्या फ्लॅगला (खुणेच्या बिटाला) हात लावत नाही, त्यामुळे लांब बेरजेच्या मध्ये ती आली तरी चालते. मात्र आर१ चं काम संपायच्या आधी ती टाकायची नाही.

अशी शंका असेल तर पटकन करायची चाचणी: असेंब्ली कॉलनंतर लगेच, इनलाइन असेंब्लीच्या एका ओळीनं आर१ एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि दाखवा. शून्याशिवाय काहीही आलं तर दोषी सापडला. मधे एखादी ओळ घातल्यावर दोष नाहीसा का होतो तेही आता उघड आहे. त्या ओळीत दोन व्हेरिएबलांचा सीमधला गुणाकार असला तर कंपायलर त्यानंतर आर१ पुसतो आणि पुढचं सगळं सुरळीत चालतं. अशी ओळ ठेवून देऊन "आता चालतंय" म्हणून मीटर पाठवू नका. पुढं कुणीतरी ती निरुपयोगी समजून काढेल. आणखी एक: अ‍ॅटटायनी ८५ वर शिकलेल्यांना हा दोष नवा वाटतो, कारण त्या चिपमध्ये मूल आज्ञाच नाही.

चारपैकी दोनच प्रोब दिसतात

आर१ पुसल्यावर मीटर महिनोन् महिने नीट चाललं. मग एका मोठ्या गुऱ्हाळासाठी चार प्रोबचं मॉडेल केलं. असेंब्लीला हातही लावला नाही, फक्त तेच रूटीन चार वेळा बोलवायचा लूप लिहिला. पहिला प्रोब एकदाच वाचला जायचा, दुसरा सतत, तिसरा-चौथा कधीच नाही. डिस्प्ले इंटरप्टवर (चालू काम मध्येच थोपवून चालणाऱ्या रूटीनवर) चालत असल्यामुळं उजळलेला, म्हणून प्रोग्रॅम अडकलाय असं वाटायचंही नाही.

इथं रजिस्टरांचा करार समजून घ्यावा लागतो. आर१८ ते आर२७ आणि आर३०, आर३१ ही रजिस्टरं रूटीननं खुशाल वापरावीत, आर० सुद्धा. बोलावणारा कंपायलर त्यात काही राखून ठेवत नाही. आर२ ते आर१७ आणि आर२८, आर२९ मात्र शेजाऱ्याच्या भांड्यांसारखी आहेत: वापरलीत तर जशी होती तशी परत करायची. सुरुवातीला पुश (स्टॅक या तात्पुरत्या साठ्यावर ठेवणं), शेवटी उलट क्रमानं पॉप (तिथून परत काढणं).

आमच्या गुणाकारात सर्वांत खालचा बाइट आर१६ मध्ये, त्यावरचा आर१७ मध्ये आणि हातचा घ्यायला लागणारं शून्य आर२ मध्ये होतं. एकही पुश नव्हता. एका प्रोबच्या प्रोग्रॅममध्ये त्या जागी कंपायलरचं काही नसल्यामुळं निभावलं. चार प्रोबच्या लूपमध्ये काउंटरला कॉल ओलांडून जिवंत राहायचं होतं. त्यासाठी कंपायलरनं करारातलं सुरक्षित रजिस्टर निवडलं आणि ते आर१६ निघालं. आमचा गुणक हेक्स ५०००, त्याचा खालचा बाइट शून्य, म्हणून गुणाकाराचा सर्वांत खालचा बाइटही कायम शून्य. प्रत्येक फेरीत काउंटर शून्यावर यायचा, वाढून एक व्हायचा आणि दुसऱ्या प्रोबवर परत.

पुश-पॉप घालण्यापेक्षा आम्ही रजिस्टरंच बदलली. उत्तराचे चार बाइट आर१८ ते आर२१ मध्ये, शून्य आर२६ मध्ये. आता रूटीनला स्टॅक लागत नाही. माझं मत असं की छोट्या रूटीनमध्ये पुश लागतोय असं दिसलं तर आधी रजिस्टरांची निवड पुन्हा बघावी. पुश आला की पॉप विसरण्याची वाट मोकळी होते, विशेषतः मधूनच परतणारी दुसरी रेट असेल तर.

पॉप विसरला तर काय दिसतं तेही सांगून ठेवतो, कारण लोक त्याला पॉवर सप्लायचा दोष समजतात. या चिपवर परतीचा पत्ता स्टॅकवर दोन बाइटांत असतो. एक बाइट उरला की रेट भलत्याच पत्त्यावर उडी मारते, कोऱ्या फ्लॅशमधून घरंगळत प्रोग्रॅम पुन्हा सुरुवातीला येतो, आणि बोर्ड रीसेट झाल्यासारखा वाटतो. खरा रीसेट असेल तर एमसीयूएसआर रजिस्टरमध्ये कारणाचा फ्लॅग लागलेला असतो: पॉवर, बाहेरची पिन, ब्राउनआउट किंवा वॉचडॉग. सुरू झाल्यावर हे रजिस्टर वाचून पुसून ठेवा. नंतर "रीसेट" झाला आणि एकही फ्लॅग नाही, तर सप्लाय सोडा आणि स्टॅक तपासा. काही बूटलोडर हे रजिस्टर आधीच पुसतात, म्हणून ही तपासणी बूटलोडर न वापरता, थेट प्रोग्रॅमरनं चिप लिहून करा.

डेटा कुठून येतो त्यातही चुका होतात. पहिला आर्ग्युमेंट (रूटीनला दिलेला आकडा) आर२५ आणि आर२४ च्या जोडीत, दुसरा आर२३ आणि आर२२ मध्ये, असं खाली उतरत जायचं. एका बाइटचा आर्ग्युमेंटही पूर्ण जोडी अडवतो. तो आर२४ मध्ये असतो, आर२५ वर विसंबायचं नाही. ३२ बिटचा आकडा आर२५ ते आर२२, सर्वांत खालचा बाइट आर२२ मध्ये. १६ बिटचं उत्तर आर२५, आर२४ मध्ये परत द्यायचं.

बझर वाजत नाही आणि घड्याळ थांबतं

तिसरी खेप बझरची. पोर्टबी या पिनांच्या गटातली पाचवी पिन असेंब्लीतून चालू करायची होती. आउट आज्ञेनं पोर्टबीवर लिहिलं. बझर गप्प, शिवाय प्रोग्रॅम पुढच्या डिलेमध्ये कायमचा अडकला.

या चिपमध्ये पोर्टबीला दोन पत्ते आहेत. इन आणि आउट या आज्ञांसाठी हेक्स ०५, आणि मेमरी म्हणून बघितलं तर हेक्स २५. दोहोंत हेक्स २० चा फरक. हेडर फाइलमधलं पोर्टबी हे नाव मेमरीचा पत्ता देतं. तो जसाच्या तसा आउटला दिला की आय-ओ पत्ता हेक्स २५ वर लिहिलं जातं, आणि तिथं टायमर शून्यचं कंट्रोल रजिस्टर आहे. पाचवा बिट एक आणि बाकी शून्य लिहिल्यावर त्यातले क्लॉकचे तीनही बिट शून्य झाले, टायमर थांबला. अर्डुइनोचं मिलिसेकंदांचं घड्याळ आणि डिले त्याच टायमरवर चालतात.

पोर्टडीच्या बाबतीत हीच चूक जास्त फसवी आहे. ते लिखाण एका मोकळ्या, सर्वसाधारण रजिस्टरमध्ये जातं, त्यामुळं काहीच होत नाही आणि माणूस पिनची सोल्डरिंग बघत बसतो. एसबीआय (एकच बिट चालू करणारी आज्ञा) वापरली असती तर असेंब्लरनंच अडवलं असतं, कारण तिला ३१ पर्यंतचेच पत्ते चालतात. उपाय: एव्हीआर लिबसीमधला एसएफआर आय-ओ अ‍ॅड्रेस हा मॅक्रो प्रत्येक नावाभोवती लावा. तो हेक्स २० वजा करून देतो.

तो मॅक्रो चालायला फाइलच्या नावाच्या शेवटी मोठा एस हवा. मोठा एस असेल तरच जीसीसी फाइल प्रीप्रोसेसरमधून नेतो. छोट्या एसच्या फाइलमध्ये इन्क्लूडची ओळ कॉमेंट समजून सोडून दिली जाते, आणि मग लिंकर पोर्टबी सापडत नाही म्हणून तक्रार करतो. लिंकरला तुमचं रूटीनच सापडत नसेल तर दोन गोष्टी बघा: रूटीनचं नाव ग्लोबल केलंय का, आणि बोलावणारी फाइल सी++ आहे का. अर्डुइनोचं स्केच सी++ असतं. तिथं घोषणेला एक्स्टर्न सी लावलं नाही तर कंपायलर नाव बदलून शोधतो.

दिवसातून एक-दोनदाच चुकणारं

चौथा दोष सर्वांत चिवट होता. डिस्प्लेचा इंटरप्ट असेंब्लीत लिहिला होता, वापरलेली सगळी रजिस्टरं जपली होती. तरी दिवसातून एखाद्-दुसऱ्या वेळी अलार्म क्षणभर वाजायचा. एसआरईजी, म्हणजे फ्लॅगचं रजिस्टर, जपायचं राहिलं होतं. सीमधली तुलना आणि तिच्यानंतरची उडी यांच्या नेमक्या मध्ये इंटरप्ट आला तर उडी चुकीच्या बाजूला. ती फट एखाद-दोन सायकलची, म्हणून इतकं क्वचित.

असेंब्लीतल्या इंटरप्टची सुरुवात आम्ही आता कंपायलरसारखीच करतो: आर१ पुश, आर० पुश, एसआरईजी आर० मध्ये घेऊन पुश, मग आर१ पुसायचा. हे शेवटचं पुसणं गरजेचं आहे, कारण इंटरप्ट मूल आणि तिच्यानंतरच्या सीएलआरच्या मध्ये येऊ शकतो. तिथं आर१ मध्ये शून्य नसणं रास्तच आहे. शेवटी उलट क्रमानं पॉप आणि रेटी, म्हणजे इंटरप्टमधून परतायची आज्ञा.

आता प्रत्येक रूटीनला लावतो ती चाचणी

चार वेळा पोळल्यावर आम्ही एक पहारेकरी रूटीन लिहिलं. ते जपायच्या १८ रजिस्टरांना पुश करतं, मग प्रत्येकात त्याचाच क्रमांक भरतं. एलडीआय (रजिस्टरमध्ये आकडा भरणारी आज्ञा) आर१६ च्या खाली चालत नाही, म्हणून आकडा आधी आर३० मध्ये घेऊन तिथून हलवायचा. आर३० मध्ये आर्ग्युमेंट येत नाही, त्यामुळं आर२५ ते आर२२ मधला डेटा शाबूत राहतो. मग तपासायचं रूटीन बोलावतं आणि परतल्यावर १८ क्रमांक आणि आर१ मधलं शून्य पडताळतं. स्टॅक पॉइंटर आधी आणि नंतर सारखा आहे का तेही. एक जरी चुकलं तर दिवा लावून थांबतं. डेटा मुद्दाम मोठा द्यायचा, सगळे बाइट हेक्स एफएफ. आमच्या २६ अंशांच्या डेटानं आर१ चा दोष झाकला होता तसा मग झाकत नाही.

गुणाकाराचं रूटीन आम्ही शेवटी काढून टाकलं. मॅक्स६६७५ ला एका रीडिंगला ०.२२ सेकंदापर्यंत लागतात, आठांना पावणेदोन सेकंद. दोन सेकंदांत एकदा होणारा गुणाकार सीमध्ये ३२ बिटचा लिहून १६ नं सरकवला तर कुणाला फरक कळत नाही. असेंब्ली ठेवली ती डब्ल्यूएस२८१२ दिव्यांच्या पट्टीसाठी, जी पोरांना धुरातून लांबूनही दिसते. तिथं एक बिट १.२५ मायक्रोसेकंदाचा, म्हणजे २० सायकल, आणि ते सीच्या भरवशावर सोडता येत नाही. त्या वेळात इंटरप्ट बंद ठेवावे लागतात. बंद करण्याआधीचा एसआरईजी जपून नंतर तोच परत लिहितो, सरसकट सेई (इंटरप्ट चालू करणारी आज्ञा) देत नाही, कारण बोलावणाऱ्यानं इंटरप्ट आधीच बंद ठेवलेले असू शकतात. एका दिव्याला २४ बिट, ३० मायक्रोसेकंद. टायमर शून्य दर १.०२४ मिलिसेकंदाला ओव्हरफ्लो होतो. एक ओव्हरफ्लो फ्लॅगमध्ये थांबून राहतो, दुसरा हरवतो आणि घड्याळ मागं पडायला लागतं. म्हणून आमच्या पट्टीत २४ दिवे आहेत, आणि कुणी वाढवायला सांगितले तरी ३४ च्या वर आम्ही जात नाही.